उभी पट्टी, आडवे तास

वाटण्या होता होता वावराच्या अरुंद, लांब पट्ट्या झाल्या. पट्टी लांब म्हणून तासही (पेरणीच्या ओळी) लांबीनेच धरतात, आणि उतार त्याच बाजूला असला की पहिल्याच झोडप्यात प्रत्येक तासाची नाली होते. एकरातून 1 मिलिमीटर थर वाहिला तर सुमारे 5 टन माती गेली. उताराला आडव्या पेरणीला मात्र फूटभरही जमीन सोडावी लागत नाही.

या आडव्या रेघेची आखणी रोहिणी नक्षत्रातच उरका. सारख्या लांबीचे, साधारण 7 फुटांचे दोन बांबू वरच्या टोकाला बांधा, खालचे पाय 2 मीटर फाकवा, मध्ये आडवी काठी घट्ट आवळा. शेंड्यावरून दोरीला दगड लटकवा. दोन्ही पाय टेकवून दोरी काठीवर जिथे येते तिथे खूण करा; पायांची अदलाबदल करून त्याच दोन जागांवर पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. वारा असताना हे करू नका, दगड हलतो आणि रेघ चुकते.

वावराच्या मधोमध धुऱ्यापासून (बांधापासून) सुरू करा. सांगाड्याचा एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवत जा, दोरी मध्यावर आली की तिथे खुणेची फक्की (पांढरी भुकटी) टाका. वेडीवाकडी वळणे नजरेने सौम्य करा, नाहीतर तिफन (पेरणीचे अवजार) वळत नाही. याच रेघेला धरून वर-खाली पेरा. कडेचे तुकडे शेवटी.

ही समपातळी हलक्या, बरड जमिनीसाठी. भारी काळ्या रानात पाणी तुंबून तूर उबळते (वाळते), म्हणून तिथे थोडा ढाळ हवाच. एका पायाखाली अर्धा सेंटीमीटर जाडीची चिप बांधा. चिपेचा पाय कायम पाणी काढायच्या दिशेला ठेवा आणि सांगाडा न फिरवता उचलून पुढे सरकवा. पाणी जिथे पडेल तिथे आधी मारवेल किंवा वाळा गवत लावलेले असावे. उघड्या मातीवर सोडले तर तिथेच घळ पडते.

सोयाबीन महिन्याचे झाले की वाफशावर डवऱ्याच्या (कोळप्याच्या) जानोळ्याला, म्हणजे पात्याच्या दांड्याला, दोरी गुंडाळून दर तीन ओळींनंतर सरी काढा. सरीत खोलगट जागा राहिली तर पाणी तिथे साचून फुटते आणि खालच्या सऱ्या एकामागून एक फोडत जाते. म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर फावडे घेऊन चक्कर माराच.

अरुंद पट्टीत ट्रॅक्टर वारंवार वळवावा लागतो, ही खरी अडचण. बैलांची तिफन बरी. भावकी तयार असेल तर लगतच्या पट्ट्यांची रेघ एकत्रच आखा, धुरा तसाच ठेवून. आणि धुरा दरवर्षी वखराने कोरू नका.