गावी कायमचं राहायला जाताय? आधी रात्री दोनचं गणित मांडा

ठाणे-डोंबिवलीत तीस-पस्तीस वर्षं लोकल धरून वैतागलेली आपली माणसं रिटायरमेंट जवळ आली की एकच बोलतात, आता गावी जाऊन राहायचं, घर आहेच, चार कलमं आहेत, पेन्शन येईल, अजून काय पाहिजे. डॉक्टर पाहिजे ना! ते विचारलं की उत्तर तयार असतं, "आहे की, तालुक्याला मोठं हॉस्पिटल झालंय आता." ते आतून किती मोठं आहे हे मात्र बघितलेलं नसतं कुणीच. मी इथे कोकणाबद्दल लिहितोय कारण ते मला माहीत आहे, पण विचार करायची रीत देशावरच्या गावालाही लागू पडेल.

सगळ्यात आधी इमर्जन्सी. हार्ट अटॅक आला तर साधारण दोन तासांत अँजिओप्लास्टी होईल अशा ठिकाणी पोचता येतंय का, आणि येत नसेल तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन जवळ कुठे मिळतं. पॅरालिसिसचा झटका असेल तर गुठळीचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही हे बघितल्यावरच. म्हणजे खरा प्रश्न सीटी मशीन कुठे आहे आणि रात्री चालू असतं का हा. हॉस्पिटलात जाऊन "सुविधा आहे का हो?" असं विचारू नका, कारण "हो" म्हणायला कुणाचं काय जातं. असं विचारा की रात्री अकरानंतर टेक्निशियन इथे असतो का घरून बोलवावा लागतो, फिजिशियन रोज असतात का आठवड्यातून दोनदा बाहेरून येतात, आणि तुम्ही पेशंट पुढे पाठवता तेव्हा कुठे पाठवता. ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचं खरं हॉस्पिटल.

कोकणात ते खरं हॉस्पिटल बऱ्याचदा जिल्ह्याबाहेर निघतं. चिपळूणच्या बाजूला डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल आहे, नाहीतर कुंभार्ली घाट चढून कराड. रत्नागिरीकडचे आंबा घाटातून कोल्हापूर गाठतात. सिंधुदुर्गातली माणसं पिढ्यानपिढ्या बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला जातात, सावंतवाडीहून साठ-सत्तर किलोमीटर, नाहीतर आंबोली घाट चढून बेळगाव. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ओरोसला आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत ही चांगली गोष्ट आहे, पण कॉलेज सुरू होणं आणि तिथे रात्री कार्डिओलॉजिस्ट हजर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी, तेव्हा जाऊन बघा.

आणि अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, मिनिटांत मोजा, तेही जुलैतल्या मिनिटांत. मे महिन्यात गुगल मॅपवर बघून ठरवणारे लय जण आहेत. पावसाळ्यात घाटात दरड आली की रस्ता बंद, मग नकाशावर कितीही जवळ दिसू दे. २२ जुलै २०२१ ला तर खुद्द चिपळूणच पाण्याखाली गेलं होतं. म्हणून घाटाचा एक आणि बिनघाटाचा एक असे दोन रस्ते पाहिजेतच, आणि भर पावसात रात्री एकदा स्वतः गाडी काढून जाऊन या, काय ते कळेल.

आता खुद्द घर. कोकणातली बरीच घरं रस्त्याला नसतात, रस्त्यापासून पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट उतरून खाली असतात, जांभ्याच्या पायऱ्या, पावसात शेवाळ धरलेलं, एका बाजूला गडगा, म्हणजे दगडी कुंपण. तिथे स्ट्रेचर वळत नाही. खुर्चीत बसवून चार जणांनी उचलून वर आणायचं, आणि ते चार जण कोण? गणपतीत गेलात तर वाडी भरलेली दिसते, दारात गाड्या, पोरं, ढोलकी, आणि वाटतं किती माणसं आहेत आपल्याला! तेव्हा ठरवू नका. नोव्हेंबरात जा आणि संध्याकाळी दिवे किती घरांत लागतात ते बघा. उरलेल्यांतले बरेच जण तुमच्याच वयाचे किंवा पुढचे असतात. रस्त्यापर्यंत गाडी येईल अशी वाट करता येत असेल तर किचन ट्रॉलीच्या आधी तो खर्च करा असं माझं स्पष्ट मत आहे.

१०८ ची ॲम्ब्युलन्स फुकट आहे आणि चांगलं काम करते, पण तुमच्या भागातली गाडी कुठे उभी असते आणि ती नुसती बेसिक आहे का व्हेंटिलेटरवाली हे आधी विचारून ठेवा. घरात मोबाईलला रेंज येते का हेही बघा, कारण पडवीच्या एका कोपऱ्यात उभं राहूनच फोन लागतो अशी घरं आहेत. खाजगी गाडीवाल्या दोघांचे नंबर पाठ पाहिजेत, त्यातला एक तरी रात्री फोन उचलणारा.

एवढं सगळं इमर्जन्सीचं, पण रोजचं आयुष्य तर बीपी-शुगरच्या गोळ्यांवर चालतं. मेडिकलवाल्याला तुमचं प्रिस्क्रिप्शन दाखवा, ह्यातलं काय कायम असतं आणि काय मागवावं लागतं. इन्सुलिन घेत असाल तर त्याच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे का हे बिनधास्त विचारा, पावसात लाईट कधीकधी दिवस दिवस नसते. तुमच्या घरच्या फ्रिजलाही तोच प्रश्न. रक्त तपासायला घरी येणारं कुणी, फिजिओ, दाताचा डॉक्टर, हे तालुक्याच्या गावात सहसा मिळून जातं.

किडनीचे रिपोर्ट आत्ताच वरखाली असतील तर मात्र बाकी सगळं सोडून डायलिसिस सेंटर आधी शोधा. आठवड्यातून साधारण तीनदा, दरवेळी चारेक तास, वर जायचा-यायचा वेळ. दीड तासाच्या अंतरावर सेंटर असेल तर माणूस गावात राहतच नाही, रस्त्यावर राहतो.

पैशाचं थोडक्यात. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते, आणि नवीन पॉलिसीत जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून पंचावन्नच्या आसपासच स्वतःची पॉलिसी काढा. काही पॉलिसी झोनवर असतात, गावच्या पत्त्यावर प्रीमियम कमी पण मुंबईत ॲडमिट झालात तर काही टक्के खिशातून, तेव्हा पत्ता बदलताना विचारा, आणि कॅशलेसच्या यादीत तुमचं ते "खरं" हॉस्पिटल आहे का बघा. सत्तरीच्या पुढे असाल तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढाच, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, उत्पन्नाची अट नाही. सेंट्रल गव्हर्न्मेंटच्या पेन्शनरांनी सीजीएचएसचं, म्हणजे केंद्राच्या आरोग्य योजनेचं, वेलनेस सेंटर सोडून लांब जाताना विचार करावा, त्याऐवजी मिळणारा फिक्स्ड मेडिकल अलाउन्स महिन्याला फक्त १००० रुपये आहे. गोव्यात घर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथल्या सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य विमा योजनेला पाच वर्षं रहिवासी असावं लागतं, आणि बांबोळीला बाहेरच्या पेशंटना २०१८ पासून पैसे लावायला सुरुवात झाली.

एक विषय घरात कुणी काढत नाही, पण काढा. दोघांपैकी एकच उरलं तर? गाडी काका चालवतात आणि काकूंना येत नाही असं असेल तर गाडीने चाळीस मिनिटांवर असलेलं हॉस्पिटल काकूंसाठी चाळीस मिनिटांवर नाहीच. मग गाडी शिका, किंवा बसस्टॉपला लागून राहा.

माझ्या मते कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी अशा ठिकाणी एखादं वर्ष भाड्याने राहून बघावं आणि गावचं घर अर्ध्या तासावर ठेवावं, पोहे-चहा करून संध्याकाळी परत. किंवा ऑक्टोबर ते मे गाव आणि पावसाळा शहरात. काही केलं तरी पहिली दोन-तीन वर्षं ठाण्याचा फ्लॅट विकू नका, भाड्याने द्यायचा असेल तर अकरा महिन्यांच्या करारावरच द्या.