कीबोर्डला सुटी होणारी केबल: ए-टू-सीने चालतो, सी-टू-सीने बंद

लक्षण असं: जुन्या कीबोर्डची कायमची केबल काढून यूएसबी-सी सॉकेट बसवलं. ए-टू-सी केबलने (एक टोक जुनं चौकोनी यूएसबी-ए, दुसरं सी) सगळं छान, पण सी-टू-सी (दोन्ही टोकं सी) लावली की दिवासुद्धा लागत नाही.

आधी मायक्रो-यूएसबी लावून पाहिलं होतं. आकाराने छोटं, पण केबलला ओढ बसली आणि सॉकेट बोर्डावरच्या तांब्याच्या पॅडसकट उखडलं. मिनी-यूएसबी मजबूत, पण माझ्या केसच्या कडेत मावेना. सी बसवल्यावर केबल बदलल्या, टाके पुन्हा मारले. दोन संध्याकाळी गेल्या, फार वैताग आला.

दोष निघाला सॉकेटच्या छोट्या बोर्डात: त्यावर सीसी पिनांचे (काही जोडलंय का हे ओळखायच्या पिना) रेझिस्टर नव्हते. ते नसले तर कॉम्प्युटरच्या सी पोर्टला समोर काही जोडलंय हेच कळत नाही आणि तो ५ व्होल्ट सोडत नाही.

शेवटी हे केलं. केबल काढून सीसी१ ते ग्राउंड ५.१ किलोओहम, सीसी२ ते ग्राउंड दुसरा ५.१ किलोओहम. एकच रेझिस्टर दोघांत वाटू नका, काही केबलींना ते चालत नाही. मग तारा: लाल ५ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पांढरी डी-मायनसला, हिरवी डी-प्लसला (या दोन डेटाच्या). रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटरने तपासा. ५ व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट नाहीत ना, हे पाहूनच केबल लावा. प्लग दोन्ही बाजूंनी उलटवून बघा.

केसचं भोक कापताना प्लगच्या प्लास्टिकचा विचार करा. मानकाप्रमाणे ते १२.३५ बाय ६.५ मिलिमीटरपर्यंत असू शकतं.