टाको फ्राईज: एका परातीत पाच-सहा जण, आणि शेवटचा तुकडाही कुरकुरीत

सॅन दिएगोत आम्ही पाच वर्षं राहिलो. मेक्सिकोची हद्द तिथून गाडीने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांवर. गल्लोगल्ली टाकोची, म्हणजे छोट्या पोळीत सारण घालून खायच्या मेक्सिकन पदार्थाची, छोटी दुकानं, त्यांतल्या कितीतरी पाट्या रोबेर्टोज, आल्बेर्टोज अशा ‘बेर्टोज’ने संपणाऱ्या, आणि बरीचशी रात्री उशिरापर्यंत उघडी. तिथे ‘कार्ने आसादा फ्राईज’ मिळतात. गरम फ्राईजवर भाजलेल्या मांसाचे तुकडे, चीज, ग्वाकामोले म्हणजे ठेचलेला ॲव्होकाडो, आंबट साय, वर कच्च्या टोमॅटोचा साल्सा. हा प्रकार त्याच भागात १९९०च्या दशकात रुळला. एक डबा चौघांना पुरतो आणि काटे हवेतच असं काही नाही.

पुण्यात परतल्यावर त्याच धर्तीचे, पण टाकोच्या मसाल्यातला खिमा घातलेले टाको फ्राईज घरी करायला घेतले तेव्हा पहिल्या दोन वेळा वरचा थर छान आणि खाली लगदा अशी गत झाली. मसाला ठीक होता, बटाटेही बरे होते. हा पदार्थ बिघडतो तो पाण्याने. टोमॅटोचं पाणी, खिम्याचा रस, दह्याचं पाणी, फ्राईजची स्वतःची वाफ, सगळं खाली उतरतं. म्हणून पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी पाणी आधीच काढून टाकण्याची आहे. नाचोजची जन्मकथा मला इथे नेहमी आठवते. १९४०च्या दशकात मेक्सिकोतल्या पिएद्रास नेग्रास या सीमेवरच्या गावी इग्नासिओ आनाया यांनी ते पहिल्यांदा केले. नाचो हे इग्नासिओचं लाडकं नाव. त्यात तीनच गोष्टी होत्या: तळलेला टॉर्टिया (मक्याची पातळ पोळी), चीज आणि हालापेन्यो ही मेक्सिकन मिरची. एकीलाही पाणी सुटत नाही.

पाच-सहा जणांसाठी काय लागेल

बटाटे दीड किलो, तळायला तेल, व्हिनेगर. अर्धा किलो चिकन किंवा मटण खिमा, नाहीतर दीड वाटी कोरडा राजमा. चीज पाऊण ते एक पाव. टोमॅटो चार, कांदे तीन, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबं तीन, लसूण. चक्का २०० ग्रॅम. बाटलीतल्या हालापेन्योच्या चकत्या. मसाल्यासाठी जिरेपूड, काश्मिरी तिखट, ओरेगॅनो, मीठ. ॲव्होकाडो चांगला आणि परवडेल असा मिळाला तर दोन घ्या. नाही मिळाला तर त्याच्यावाचून काही अडत नाही.

बटाटे

सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या. अमेरिकेत रसेट जातीचा लांबट, पिठूळ बटाटा सहज मिळतो. आपल्याकडे बाजारात ‘चिप्सचा बटाटा’ म्हणून विचारा किंवा जुना, जाड सालीचा, हाताला जड लागणारा घ्या. नवा, पातळ सालीचा बटाटा भाजीला उत्तम, पण त्यात पाणी जास्त, तो तळून मऊच राहतो. शंका असेल तर अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळवून त्यात एक बटाटा सोडून बघा. तळाशी गेला तर पिठूळ, तरंगला तर पाणचट. शीतगृहातून नुकताच आलेला बटाटा मात्र फसवतो. थंडीत त्यातल्या पिठाची साखर होते, त्यामुळे तो बाहेरून पटकन काळपट होतो आणि आत कच्चा राहतो. असा बटाटा आठवडाभर घरात टोपलीत ठेवला की बराच सुधारतो. फ्रिजमध्ये बटाटे ठेवू नका ते याचसाठी.

सालं काढून एक सेंटिमीटर जाडीचे, बोटासारखे लांब काप करा. पाणी नितळ होईपर्यंत दोन-तीनदा धुवा. मग दोन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर आणि एक मोठा चमचा मीठ घालून त्यात काप टाका आणि उकळी आल्यावर मध्यम आचेवर दहा मिनिटं शिजवा. व्हिनेगर का, ते आपल्या आमटीवरून लगेच कळेल. बटाटा शिजायच्या आधी आमसूल किंवा चिंच पडली की फोडी किती वेळ ठेवा, कडकच राहतात. आंबटपणामुळे बटाट्याला धरून ठेवणारं पेक्टिन सुटत नाही. इथे आपल्याला तेच हवं आहे: आतून शिजलेला, पण न मोडणारा काप.

काप अलगद निथळून सुती फडक्यावर एकेरी पसरा आणि पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. पृष्ठभाग कोरडा, किंचित खरखरीत दिसला पाहिजे.

तळायचं दोनदा. पहिल्यांदा तेल १६० अंशांच्या आसपास. थर्मामीटर नसेल तर एक काप टाकून बघा, सावकाश बुडबुडे येत तो वर आला की तेल तयार. तीन-चार मिनिटं तळा, रंग अजिबात येऊ देऊ नका, फक्त पातळ पापुद्रा धरू दे. बाहेर काढून निदान अर्धा तास थंड करा. हे काम सकाळी करून ठेवता येतं. याच टप्प्यावर काप पसरून फ्रीझरमध्ये घट्ट केले तर आणखी छान, आतलं पाणी गोठून काप आतून हलका होतो.

दुसरी तळण माणसं घरात आल्यावरच. तेल १८५ ते १९० अंश, काप पडताच जोरात फसफसलं पाहिजे. तीन-चार घाणे करा, एकदम गर्दी केली की तेल थंड पडतं. इथे डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवा. सुरुवातीला तेल मोठ्याने गजबजतं, तो आवाज म्हणजे बाहेर पडणारं पाणी. तीनेक मिनिटांनी आवाज उतरतो, बुडबुडे बारीक होतात, आणि झाऱ्याने हलवले की काप एकमेकांवर वाजतात. ते वाजणं ऐकू आलं की काढा. जाळीवर किंवा मोठ्या चाळणीत काढा, कागदावर ढीग करू नका, खालचे वाफेने मऊ पडतात. मीठ लगेच भुरभुरा.

घाई असेल तर एक किलो गोठवलेले तयार फ्राईज आणा. त्यात कमीपणा काहीच नाही, ते कारखान्यातच एकदा तळलेले असतात. वितळू न देता थेट तेलात किंवा एअर फ्रायरमध्ये टाका.

खिमा किंवा राजमा

कढई चांगली तापवून दोन चमचे तेलात खिमा पसरा आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मोडून, सुटलेलं पाणी पूर्ण आटवा. आता एक बारीक चिरलेला कांदा, सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन लहान चमचे जिरेपूड, दोन लहान चमचे काश्मिरी तिखट, एक लहान चमचा ओरेगॅनो, मीठ आणि दोन मोठे चमचे टोमॅटो प्युरी. मंद आचेवर परता. चमचा कढईच्या तळावरून ओढला की रेघ कोरडी राहिली पाहिजे. रेघेत रस धावून आला तर अजून दोन मिनिटं.

इथे एक आग्रह आहे. गरम मसाला किंवा गोडा मसाला घालू नका. लवंग, दालचिनी, दगडफूल आलं की तो आपला खिमा होतो. तो फार चांगला, पण त्याची जागा पावाबरोबर. टाकोची चव जिरं, मिरची आणि ओरेगॅनो या तिघांवर उभी असते.

राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात कुकरला मऊ शिजवा. निथळून अर्धा ठेचा, अर्धा अख्खा ठेवा, आणि याच मसाल्यात तसाच कोरडा परता. आमच्याकडे मांसाहारी मंडळीही आधी राजम्याची परात संपवतात.

वरचं ओलं

टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाका, नुसती भिंत बारीक चिरा. बाकीचे कांदे, मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ घालून चाळणीत पंधरा मिनिटं ठेवा. खाली साचलेलं पाणी बघितलंत की कळेल कशापासून वाचलो. मेक्सिकोत याला साल्सा मेहिकाना म्हणतात, लाल-पांढरा-हिरवा त्यांच्या झेंड्याचा रंग. आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीणच.

आंबट सायीची जागा आपल्याकडे चक्का अगदी तंतोतंत घेतो. श्रीखंडासाठी आणतो तोच. चिमूटभर मीठ, अर्धं लिंबू आणि चमचाभर दूध घालून फेटा. चमच्यावरून जाडसर धार पडेल इतपतच. ॲव्होकाडो असेल तर लिंबू-मीठ घालून ठेचा आणि वेगळ्या वाटीत ठेवा.

चीज अर्धं मोझरेला, अर्धं चेडर. नुसत्या मोझरेलाच्या तारा सुटतात, चव येत नाही. चेडर मिळालं नाही तर साधं प्रोसेस्ड चीज चालेल, ते वितळतंही गुळगुळीत.

रचायचं कसं

खोल भांडं नको. पसरट परात किंवा ओव्हनचा मोठा ट्रे घ्या. ढीग केला की वरच्यांना सगळं मिळतं आणि खालच्यांना नुसता बटाटा. सगळ्यांना आधी बसवा, लिंबं कापून ठेवा, मगच शेवटचा घाणा काढा.

अर्धे फ्राईज पसरा, लगेच किसलेलं चीज, त्यावर खिमा. पुन्हा फ्राईज, चीज, खिमा. चीज नेहमी थेट फ्राईजवर, कारण वितळलेल्या चीजचा स्निग्ध थर वरचा ओलावा अडवतो. ओव्हन असेल तर २२० अंशांवर तीन-चार मिनिटं. नसेल तर खिमा कढईतून कडकडीत गरम घाला, त्याच्याच आचेने चीज सुटतं. झाकण मात्र ठेवायचं नाही, झाकणाचं पाणी पुन्हा खालीच येतं.

मग चक्क्याची बारीक धार, चमच्या-चमच्याने साल्सा, निथळलेले हालापेन्यो, कोथिंबीर. सगळा साल्सा एकदम ओतू नका, निम्मा वाटीत बाजूला राहू द्या. कडेला दोन बोटं फ्राईज उघडे सोडा, धरायला बरं पडतं. मुलं असतील तर एक बाजू हालापेन्योविना. शाकाहारी मंडळींसाठी अर्धी परात देऊ नका, वेगळी परात करा. चमचे इकडून तिकडे जातातच.

वाढल्यापासून वीस मिनिटं हे उत्तम लागतात. तळाशी मूठभर उरले तर दुसऱ्या दिवशी तव्यावर कोरडे परतून गव्हाच्या टॉर्टियात किंवा मोठ्या पोळीत गुंडाळा. पोटात फ्राईज घातलेली ही गुंडाळी सॅन दिएगोत ‘कॅलिफोर्निया बुरिटो’ म्हणून विकली जाते, आणि आमच्याकडे मुलं तिच्यासाठी मुद्दाम थोडे फ्राईज बाजूला काढून ठेवतात.