दूध पुरत नाही वाटतंय? आधी लंगोट मोजा

खानापूर-निपाणीकडं बाळ जरा रडलं की कुणीतरी म्हणतंच, 'दूध पुरंना झालंय गं,' आणि पावडरीचा डबा घरात येतो. थोडं थांबा. पाचव्या दिवसानंतर बाळ २४ तासांत ६ किंवा जास्त लंगोट ओले करत असेल, वजनही वाढत असेल, तर दूध पुरतंय. छाती मऊ लागते म्हणजे दूध आटलं, असं नसतं.

बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. म्हणून दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा. तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही जायला हवा. बहुतेक अडचण इथंच असते. हळिवाची खीर जरूर खा, पण ती पाजण्याची जागा घेत नाही.

लंगोट कोरडे राहिले किंवा बाळ मलूल दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या.