निबंधातला ‘समाज’ म्हणजे नक्की कोण? सामाजिक विषयांवर लिहिताना या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारी आला की माझ्या टेबलावर निबंधांचे गठ्ठे येऊन पडतात. काही आमच्याच कॉलेजातल्या बी.ए.च्या मुलांचे, काही सातारा-सांगलीकडच्या स्पर्धांचे. स्पर्धेच्या परीक्षकाला मानधन म्हणून शाल आणि नारळ मिळतो, त्यामुळे आमच्या घरी फेब्रुवारीपर्यंत खोबऱ्याची चटणी चालू असते. विषय ठरलेले: फुले दांपत्य, प्रतिसरकार (ब्रिटिश राजवटीत सातारा भागातल्या भूमिगतांनी चालवलेलं समांतर सरकार), दुष्काळ, स्त्री-पुरुष समानता, स्थलांतर. ही मुलं वर्गात बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटतं. तीच मुलं लिहायला बसली की कुठल्याशा भाषणातली वाटायला लागतात. असं का होतं, आणि त्यावर काय करता येतं, ते लिहिते.

पहिला परिच्छेद झाकून बघा

“आजच्या धावपळीच्या युगात”, “भारत हा कृषिप्रधान देश आहे”, “प्राचीन काळापासून मानव हा समाजशील प्राणी आहे”. दुष्काळ असो की नाट्यपरंपरा, सुरुवात हीच. निबंध लिहून झाला की पहिल्या परिच्छेदावर हात ठेवा आणि दुसऱ्यापासून वाचा. काही अडलं नाही तर पहिला काढून टाका. बहुतेक वेळा अडत नाही.

मोबाइलवरून उतरवून काढलेले निबंध तर लगेच कळतात. एका मुलाने सुरेख अक्षरात, समास आखून, परिच्छेदाच्या मधोमध “हेही वाचा” असं लिहून ठेवलं होतं. त्याला मी शुद्धलेखनाचे गुण दिले.

कोणते शाहू महाराज?

ही चूक साताऱ्यात व्हायला नको, पण इथेच सगळ्यात जास्त होते. “शाहू महाराजांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. ते शिवाजी महाराजांचे नातू होते.” वाक्यं दोन, शाहू दोन, आणि मध्ये दीडशे वर्षांचं अंतर. शिवाजी महाराजांचे नातू, संभाजी महाराजांचे पुत्र, ते साताऱ्याच्या गादीचे शाहू. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटले, १७४९ साली वारले. आरक्षणाचा जाहीरनामा काढणारे राजर्षी शाहू कोल्हापूरचे, जन्म १८७४ चा. थोर माणसाचं नाव आलं की शेजारी गाव आणि साल लिहून बघा. मेळ बसत नसेल तर तिथल्या तिथे कळतं.

आजच्या नकाशावर कालची गोष्ट

आता मला ज्या चुकीबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती. प्रतिसरकारवरच्या निबंधांत हमखास वाक्य असतं: “१९४३ साली सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे…” सांगली जिल्हा त्या वेळी नव्हताच. १९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. १९४३ ला सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं, तासगाव ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होतं आणि कुंडल होतं औंध संस्थानात.

“मॅडम, एवढ्याने काय फरक पडतो?” असं मुलं विचारतात. फरक निबंधालाच पडतो. ब्रिटिश मुलूख आणि संस्थानांच्या हद्दी अशा एकमेकींत घुसलेल्या होत्या, एका गावातून दुसऱ्या गावात गेलं की अंमल बदलायचा. त्यात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी १९३९ सालीच प्रजेला स्वराज्याची घटना देऊन बसलेले. भूमिगतांना हा भाग आसऱ्याला का सोयीचा पडला, याचं निम्मं उत्तर त्या हद्दींमध्ये आहे. आजचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंत की हा प्रश्नच पडत नाही, आणि मग “येथील जनता शूर होती” एवढंच लिहायला उरतं.

यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाबद्दल दोन मित्रांत वाद झालेलाही मी ऐकला आहे. देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात की सांगली? ते जन्मले १९१३ साली, तेव्हा सातारा, आज सांगली. दोघंही बरोबर होते, साल कुणीच सांगत नव्हतं.

याच विषयात आणखी एक खड्डा आहे. ‘पत्रीसरकार’ या बोलीतल्या नावावरून पायांना पत्रे ठोकल्याच्या गोष्टी घरोघरी सांगतात. त्या सांगायला मजेदार, म्हणून मुलं चारातली तीन पानं त्यांनाच देतात. गावोगावची न्यायदान मंडळं, तुफान सेना हे स्वयंसेवक दल, दारूबंदी, कमी खर्चात लावलेले गांधी-विवाह हे सगळं शेवटच्या चार ओळींत कोंबलेलं असतं. सरकार चालवणं म्हणजे काय, हे त्या चार ओळींत होतं. पत्र्यांची गोष्ट लिहा, जरूर लिहा, पण ती गावात कशी सांगतात म्हणून लिहा आणि एका परिच्छेदात उरका.

‘लादली गेली’, ‘फेकले गेले’, ‘वंचित राहिले’

कुणी लादली? कुणी फेकले? कुणी वंचित ठेवले? कर्ता पळून गेला आहे. एका मुलीचं वाक्य जसंच्या तसं देते:

“सावित्रीबाईंवर शेण फेकले गेले, त्यांना समाजाकडून त्रास देण्यात आला.”

तिला जवळ बसवून मी तीन प्रश्न विचारले: कुठे, कधी, कोण? थोडं पुस्तक, थोडी आठवण असं करत तिने दुसऱ्यांदा लिहिलं: “१८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की मुलींनी शिकू नये असं मानणारे सनातनी लोक रस्त्यात त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकत.” शब्द वाढले, पण आता त्या रस्त्यावर माणसं दिसतात. ‘समाज’ शेण फेकत नाही. शाळा काढणारे, मुलगी शाळेत पाठवणारे आणि शेण फेकणारे, सगळे त्याच समाजातले. ही मुलगी खंडाळा तालुक्यातली. सावित्रीबाईंचं जन्मगाव नायगाव तिच्याच तालुक्यात आहे, तिने तिथली यात्राही पाहिली होती आणि निबंधात एक शब्द नव्हता!

दुष्काळाच्या निबंधात कर्ता पळत नाही, पण तो नेहमी एकच असतो: निसर्ग. “निसर्गाच्या अवकृपेमुळे माण-खटाव, आटपाडी, जत हे तालुके दुष्काळी आहेत.” अर्धं खरं आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणदेशात जेमतेम पाचशेच्या आसपास. इथपर्यंत निसर्ग. पण कृष्णेचं पाणी आधी कुठल्या उसाला मिळालं, टेंभू, ताकारी आणि म्हैसाळच्या उपसा सिंचन योजना किती वर्षं रखडल्या, उपसा करायचा तर विजेचं बिल कुणी भरायचं, हे माणसांनी ठरवलं. आटपाडीला पाणी परिषदा भरल्या, समन्यायी पाणीवाटपाची मागणी झाली, ती काय ढगांकडे केली होती का?

आकडा टाकला म्हणजे मुद्दा झाला असं नाही

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया होत्या. हा आकडा घेऊन मुलं लिहितात, “साताऱ्यात स्त्री-पुरुष समानता जवळपास आलेली आहे.” थांबा. त्याच जनगणनेत रत्नागिरीचा आकडा ११२२ आहे. तिथे मुलगे जन्मत नाहीत का? जन्मतात, मोठे होऊन मुंबईला जातात. साताऱ्याचंही थोडंफार तसंच: माथाडी, गिरणी, फौज. पुरुष बाहेर राहिले की मागे उरलेल्यांत स्त्रियांचं प्रमाण जास्त दिसतं. मुलींच्या जन्माबद्दल बोलायचं असेल तर शून्य ते सहा वयोगटाचं प्रमाण वेगळं बघावं लागतं. आणि त्याच २०११ साली या जिल्ह्यात ‘नकुशा’ नाव ठेवलेल्या दोनशेहून जास्त मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं देण्यात आली होती. (देण्यात आली! मीही घसरलेच. जिल्हा परिषदेने दिली.)

म्हणून आकडा लिहिला की त्याला साल जोडा, कुठल्या वयाचा आणि कुणाचा ते लिहा, आणि पुढच्या ओळीत तो तसा का आहे याचा एक तरी अंदाज करा. शेजारच्या जिल्ह्याचा आकडा बाजूला ठेवला तर पुष्कळ काही आपोआप सुचतं.

अर्धंच अवतरण

“विद्येविना मति गेली” पासून सुरू होणाऱ्या जोतीराव फुल्यांच्या ओळी प्रत्येक निबंधात असतात. बहुतेक ठिकाणी त्या मति, नीति, गति करत अलगद शेवटच्या “अनर्थ एका अविद्येने केले” वर उतरतात. मधलं “वित्ताविना शूद्र खचले” गायब. ते चुकून गळतं की शब्द अडचणीचा वाटतो म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. पण जोतीरावांचा सगळा युक्तिवाद तिथे येऊन थांबतो. हे शब्द ‘शेतकऱ्याचा असूड’मधले, म्हणजे शेतकऱ्याच्या कंगालपणाची कारणं शोधणाऱ्या पुस्तकातले. ती ओळ गाळली की शिक्षणाचं महत्त्व सांगणारा सुविचार तेवढा शिल्लक राहतो, शाळेच्या भिंतीवर रंगवण्यासारखा. अवतरण घ्यायचं तर पूर्ण बघून घ्या आणि खाली स्वतःची दोन वाक्यं लिहा. नुसतं टांगून ठेवू नका.

घरचं सोडून बाहेरचं

आटपाडीकडच्या एका मुलाने लिहिलं होतं, “स्थलांतर ही आजची गंभीर समस्या आहे. लोक रोजगारासाठी शहरांकडे धाव घेत आहेत.” पुढे सहा पानं अशीच. कागद परत देताना सहज विचारलं, तुझ्या घरचं कोण बाहेर आहे? म्हणाला, “आजोबांचं गलाईचं दुकान हाय की तमिळनाडूत. चुलते तिथंच असतात. मी सुट्टीला जातो.”

जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करायचा धंदा घेऊन खानापूर-आटपाडी आणि माण-खटावची माणसं देशभरच्या सराफ पेठांत गेली आहेत. दुष्काळातून उठलेली माणसं. त्यांच्या पैशाने गावाकडे बंगले बांधले, देवळांचे जीर्णोद्धार झाले, आणि यात्रेला तिथल्या नंबरप्लेटच्या गाड्या लागतात. समस्या म्हणायची की नशीब काढणं म्हणायचं, हा केवढा मोठा प्रश्न, आणि तो याच्या स्वयंपाकघरात बसलेला. मी म्हटलं, हे का नाही लिहिलंस? “निबंधात असलं चालतंय होय मॅडम?”

चालतं. त्याने आजीला बसवून विचारलं आणि फिरून लिहिलं. तरी एक चूक राहिलीच: आजीचं बोलणं त्याने पुस्तकी करून टाकलं होतं, “आम्हाला अनेक अडचणींना तोंड द्यावे लागले” असं. आजी असं बोलत नाही. ती काय म्हणाली ते तसंच लिहायला लावलं: “पाण्याची घागर सोडली तर न्यायला काय बी नव्हतं.”

आणि किरकोळ

‘पारंपारिक’ नाही, पारंपरिक. ‘सामाजीक’, ‘ऐतिहासीक’ नाही. शेवटच्या ‘इक’मधली इ ऱ्हस्व. परिच्छेद पाडा. “चला तर मग, आपण सर्वांनी शपथ घेऊया” ही शेवटची ओळ खोडा. वाचणारी मी एकटीच असते, रात्री साडेअकराला, आणि मला कसलीही शपथ घ्यायची नसते.

कागदावर नाव लिहा. गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यातल्या सगळ्यात चांगल्या निबंधावर ते नव्हतं. हजेरीपटावरच्या सह्यांशी अक्षर ताडत मी दोन दिवस घालवले.