डिस्कवर जागा आहे, तरी व्हिडिओ अडकतो

व्हिडिओ-ऑन-डिमांडचे सर्व्हर मी सांभाळायला घेतले तेव्हा रोज एकच आकडा बघायचे, डिस्कवर किती जागा उरली. मग एकदा डिस्क निम्मी रिकामी असतानाच प्रेक्षकांच्या पडद्यावर चक्र फिरत राहिलं. जागा आणि वाचनाचा वेग हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे तेव्हा नीट उमगलं. तुम्ही दोन्ही सुरुवातीलाच मांडा.

आधी जागेचा. 240पी ते 1080पी अशा पाच दर्जांचे बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) 0.4, 0.8, 1.4, 2.8 आणि 5 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे मेगाबिट, धरले, तर बेरीज 10.4. त्याला दोन तासांच्या 7200 सेकंदांनी गुणून 8 ने भागलं (8 बिटांचा एक बाइट) की एका चित्रपटाचे 9.36 जीबी होतात, म्हणजे 1000 चित्रपटांचे 9.36 टीबी. एचएलएस आणि डॅश या व्हिडिओ पोचवण्याच्या दोन पद्धतींसाठी वेगळ्या फायली ठेवल्या तर हेच दुप्पट होतं. दोन्हींना चालणारा सीमॅफ हा फाइल-प्रकार वापरला की फायली एकच, प्लेलिस्ट (कोणते तुकडे कुठे आहेत त्याची यादी) तेवढ्या दोन. तीन पूर्ण प्रती ठेवायच्या तर सुमारे 28 टीबी लागतात. सहा तुकड्यांमागे तीन पॅरिटी तुकडे (हरवलेले तुकडे ज्यांवरून पुन्हा काढता येतात) अशी इरेजर कोडिंगची मांडणी केली तर 14 टीबीत भागतं.

आता वेगाचा हिशेब, आणि खरी अडचण इथे आहे. 5 एमबीपीएसचा 6 सेकंदांचा सेगमेंट, म्हणजे व्हिडिओचा तुकडा, 3.75 एमबीचा. फिरत्या डिस्कला योग्य जागी पोचायला साधारण 12 मिलिसेकंद आणि 150 एमबी प्रतिसेकंद वेगाने तो वाचायला 25 लागतात असं धरा. सेकंदाला 27 सेगमेंट, आणि प्रत्येक प्रेक्षकाला 6 सेकंदांत एक लागतो, म्हणजे एका डिस्कमागे जेमतेम 160 प्रेक्षक. डिस्क 4 टीबीची असो वा 16ची, हा आकडा फारसा वाढत नाही. नवा चित्रपट एकाच डिस्कवर असेल तर 161व्या माणसापासून रांग लागते.

पण त्याच चित्रपटाची 1080पी प्रत फक्त 4.5 जीबीची आहे. ती सर्व्हरच्या मेमरीत सहज बसते! मग डिस्कला हात लावावा लागत नाही आणि मर्यादा येते नेटवर्कची: 10 जीबीपीएसच्या कार्डावर 2000 प्रेक्षक. त्यापुढे प्रत दुसऱ्या सर्व्हरवर हवीच.

कोणत्या चित्रपटाला मेमरी, कोणत्याला एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क), हे मागणी ठरवते. लोकप्रियता बऱ्याचदा झिफच्या नियमाच्या जवळ जाते: दुसऱ्या क्रमांकाला पहिल्याच्या निम्मी मागणी, तिसऱ्याला एक तृतीयांश, असं. तो तंतोतंत लागू झाला तर 1000 चित्रपटांपैकी वरच्या 100 वर 69 टक्के मागणी येते. हे 100 मात्र सतत बदलतात, म्हणून मोजणी गेल्या काही तासांची ठेवा, जन्मापासूनची नको. सेगमेंट पहिल्याच मागणीला कॅशमध्ये (जलद तात्पुरत्या साठ्यात) घेऊ नका, दुसऱ्यांदा मागितला की घ्या. एकदाच बघितल्या जाणाऱ्या गोष्टी मग चांगल्या फायलींना बाहेर ढकलत नाहीत. प्रत्येक चित्रपटाचे पहिले 30 सेकंद मात्र एसएसडीवर कायम असू द्या. पाचही दर्जांचे मिळून 39 एमबी, हजारांचे 39 जीबी. एवढ्यात सगळं ताबडतोब सुरू होतं.

मालिकेच्या नव्या भागाच्या वेळी मी सगळ्यात मोठा फटका खाल्ला. ठरलेल्या मिनिटाला सगळ्यांनी एकच सेगमेंट मागितला, तो कुठल्याच कॅशमध्ये नव्हता, आणि सगळ्या विनंत्या एकदम ओरिजिनवर, म्हणजे मूळ फायलींच्या सर्व्हरवर, कोसळल्या. एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये यासाठी प्रॉक्सी कॅश लॉक आहे, पण तो मुळात बंद असतो. तो चालू केला की पहिली विनंती पुढे जाते, बाकीच्या थांबतात. तरी सावध राहा: हे थांबणं मूळ सेटिंगमध्ये 5 सेकंदांचंच असतं. ओरिजिन त्याहून हळू असेल तर थांबलेल्या सगळ्या विनंत्या एकत्रच सुटतात. मी आता प्रकाशनाच्या तासभर आधी पहिली दहा मिनिटं सगळ्या कॅशमध्ये स्वतः भरून ठेवते.

मागणी ओसरली की जास्तीच्या प्रती हळूहळू काढा, कारण शनिवार-रविवारी ती पुन्हा उसळू शकते. 90 दिवसांत कोणी न पाहिलेल्या चित्रपटाचे मी 360पी आणि 720पी एवढेच दर्जे ठेवते. मास्टर फाइलला, म्हणजे चित्रपटाच्या मूळ प्रतीला, कधीच हात लावत नाही, तिच्यातून बाकीचे पुन्हा तयार करता येतात. काढताना क्रम पाळा. आधी प्लेलिस्टमधून तो दर्जा वगळा, फायली 24 तासांनी पुसा. अर्ध्यावर थांबवून रात्री पुन्हा बघायला बसलेल्या माणसाच्या प्लेअरकडे जुनी प्लेलिस्ट अजून असते.