गाडी नाही, मळवली आहे

आमच्या दारात चारचाकी नाही आणि मला दुचाकी चालवता येत नाही. तरी नणंदेला आणि भाचरांना घेऊन मी लोहगड किल्ल्यावर आणि भाजे लेण्यांना जातेच. चिंचवडहून लोकलनं, मळवली स्टेशनला उतरून.

बेत आखायचा तो उलट्या बाजूनं. आधी घरी यायची लोकल ठरवा, मग तिथून मागे मागे या. पुणे-लोणावळा लोकलच्या वेळा आदल्या रात्री पाहा, रविवार असेल तर ब्लॉक आहे का तेही. दुपारी दोन लोकलमध्ये बराच वेळ जातो, त्यामुळे 'मिळेल ती पकडू' इथे चालत नाही. शेवटच्या लोकलवर तर दिवस बेतूच नका. तिच्या आधीची आपली, शेवटची अडीनडीला. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडची लोकल धरावी, मळवली पहिलंच स्टेशन.

आता क्रम. बहुतेक लोक स्टेशनवरून निघाल्यावर वाटेतली भाजे लेणी आधी उरकतात. मी उलट करते. लेण्यांचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळी आत नुसता अंधार. शिवाय गड उन्हं चढायच्या आत झालेला बरा. म्हणून मळवलीहून रिक्षा करून थेट लोहगडवाडी गाठायची. रिक्षा फक्त जाण्याची ठरवायची, येताना उतार आहे आणि वेळही आहे. भाडं बसण्याआधी बोलून घ्या आणि सुटे पैसे जवळ ठेवा.

वाडीत पोचल्यावर पहिलं काम जेवण सांगणं. कुठल्याही घरगुती खानावळीत 'इतकी माणसं, पिठलं-भाकरी, बाराच्या सुमाराला' एवढं सांगून पायऱ्या चढायला लागा. न सांगता उतरलात तर चूल पेटेपर्यंत बसावं लागतं आणि पुढचं सगळं गणित कोलमडतं. खाऊची पिशवी हातात लोंबती ठेवू नका, माकडं थेट पिशवीलाच हात घालतात.

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाज्यांतून वाट वर जाते. 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी या वाटेवर गर्दी ठरलेली. कुठे काट मारायची हे घरूनच ठरवून या. माझ्या मते गडाच्या विंचूकाटा या सोंडेला. ती दीडेक किलोमीटर लांब आहे, उशीर झाला असेल तर वरूनच बघा. भाजे मात्र कापू नका.

जेवून एकच्या सुमाराला निघालं की दीडेक तासात भाजे. पंचवीसचं तिकीट काढून वर जा, तोवर ऊन चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, शिरलेलं असतं. मग खांब नीट बघा, ते सरळ उभे नाहीत, आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी मंडपाला आधार देणारे खांब तिरपे असत, कारागिरांनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दगडातही तसेच कोरले. पुढे चौदा स्तूपांचा पुंजका आणि अगदी दक्षिणेच्या टोकाला विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यात, रथावरचा सूर्य. तिथवर न जाता लोक का परततात, कोण जाणे.

तिथून उतरून, द्रुतगती मार्गावरच्या पुलावरून स्टेशन फार तर अर्धा तास. साडेचारला लेणी सोडली तरी खिडकीवरची रांग धरून पाचच्या पुढची लोकल आरामात मिळते.

पावसाळ्यात निघण्याआधी प्रशासनाचा बंदी आदेश आहे का बघा आणि धबधब्याखाली मुलांना सोडू नका.

कार्ल्याचं लेणं याच दिवसात बसवू नका. ते रुळांच्या पलीकडच्या डोंगरात, जुन्या महामार्गाच्याही पल्याड आहे. त्याला वेगळा दिवस काढा, आणि तोही रविवार किंवा नवरात्रातला नको. एकवीरेच्या दर्शनाची रांग लेण्याच्या तोंडाशीच असते.